पहिल्या दिवसाची सही



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी नेहमीप्रमाणे सुचविले की, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार या विषयावर डॉक्टरांनी चार शब्द लिहावेत. आजवर मी ते निमूटपणे लिहीत आलो. यंदा ते जमणार नाही. ज्या विषयावर लिहिणार आहे तो अनेकांना क्षुल्लक वाटेल, काहींना मुळीच रुचणार नाही, आणि ज्यांना रुचणार नाही त्यांपैकी एखाद्याच्या दुकानाची जाहिरात याच स्मरणिकेच्या मागील पानांवर असण्याचा संभव आहे. विषय आहे, दुकानात नव्याने कामाला लागणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी द्यावयाच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचा.

काही महिन्यांपूर्वी एक पंचविशीतला तरुण माझ्या दवाखान्यात आला. त्याच्या संमतीने, परंतु ओळख पटेल असे सर्व तपशील गाळून हे लिहीत आहे. डाव्या हाताचा अंगठा त्याला सरळ करता येत नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी खोल जखम होती, आणि आतील कंडरा तुटली असावी हे पाहताक्षणी कळत होते. कसे झाले, असे विचारता तो म्हणाला, "घरी कांदा चिरताना." कांदा चिरताना होणारी जखम आणि ही जखम यांतला फरक ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. हाताच्या शल्यविशारदाकडे पाठविण्याची चिठ्ठी लिहीत असताना मी पुन्हा एकदा, मराठीत विचारले. तेव्हा तो रडू लागला. एका किराणा दुकानात त्याचा तो कामाचा दुसरा दिवस होता. खोकी फोडण्यासाठी हातात बॉक्स कटर दिले होते. डाव्या हाताने खोके दाबून धरायचे आणि उजव्या हाताने पाते स्वतःकडे ओढायचे, असे त्याने शेजारच्या मुलाला करताना पाहिले आणि तसेच केले. पाते बोथट होते. ते अडकले, त्याने जोर लावला, आणि सुटले ते थेट अंगठ्यात. दवाखान्यात काय सांगायचे तेही त्याला दुकानातूनच पढवून पाठविले होते.

मी विचारले, पहिल्या दिवशी काही शिकविले होते का? तो म्हणाला, "हो सर, सही घेतली." काही पाने इंग्रजीत होती, शेवटच्या पानावर 'मला सुरक्षा-प्रशिक्षण मिळाले आहे' अशा अर्थाचे वाक्य होते, असे त्याला मागाहून कळले.

ते दुकान आपल्याच एका धम्मबंधूंचे आहे. कार्यक्रमांत ते पहिल्या रांगेत बसतात, देणगीत हात आखडता घेत नाहीत, आणि नव्याने आलेल्या कित्येक मुलांना त्यांनी आधार दिला आहे, हे सारे खरे आहे. मी त्यांना भेटलो. त्यांचे उत्तर मला शब्दशः आठवते: "डॉक्टरसाहेब, खोके कसे फोडायचे हे काय शिकवायचे? कॉमन सेन्स पाहिजे की नाही माणसाला?"

या एका शब्दाविरुद्ध मला हा लेख लिहावयाचा आहे.

माझे वडील नागपूरच्या एका कापडगिरणीत कामगार होते. कामाच्या पहिल्या दिवशी जॉबरने त्यांना यंत्रापुढे उभे केले आणि म्हटले, "बघ आणि शिक." त्या शिक्षणाची फी म्हणून त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे दिली. जॉबर म्हणाला, अक्कल नाही. पुढे आयुष्यभर वडीलही तेच म्हणत: "माझेच चुकले, मीच नीट पाहिले नाही." ज्याला शिकविले नाही त्याच्यावरच न शिकल्याचा दोष ठेवायचा, आणि तो दोष त्यानेच स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा, ही युक्ती आपल्या समाजाच्या परिचयाची आहे. शाळेच्या पायरीबाहेर बसवून पिढ्यान् पिढ्या आपल्याला अडाणी कोणी म्हटले, हे मी या वाचकांना सांगावे असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. अधिक मजुरीचे खाते त्यामुळे बंद, आणि उरलेली कामे मात्र खुली. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात जाहीरपणे उपस्थित केला होता. आजही भारतात गटारात उतरताना माणूस गुदमरून मेला की पहिली बातमी येते ती त्याने काळजी घेतली नसल्याची. साधने आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी २०१३ च्या कायद्याने कोणावर टाकली आहे, हा प्रश्न नंतर, बहुधा कोणीच विचारत नाही.

'बघ आणि शिक' म्हणणारा तो जॉबर आणि 'कॉमन सेन्स' म्हणणारे आमचे धम्मबंधू यांच्या म्हणण्यात कोणता फरक आहे, हे मला कोणी समजावून सांगावे.

खरे म्हणजे ज्याला आपण कॉमन सेन्स म्हणतो ते बहुतेक वेळा कोणीतरी केव्हातरी शिकविलेले आणि आपण शिकल्याचे विसरलेले ज्ञान असते. माझाच दाखला देतो. इंटर्न असताना इंजेक्शन दिल्यावर सुईचे टोपण आम्ही दोन्ही हातांनी परत बसवीत असू. सगळेच तसे करीत. ती सुई बोटात शिरते, आणि तिच्याबरोबर रोग्याच्या रक्तातले विषाणूही शिरतात, हे डॉक्टरकीची पुस्तके पाठ असलेल्या आम्हाला कोणी बजावले नव्हते. माझ्या बोटात ती दोनदा गेली. नशिबाने निभावलो. अमेरिकेत १९९१ च्या नियमाने या गोष्टीचे प्रशिक्षण रुग्णालयांवर बंधनकारक झाले. डॉक्टरला सुईचे टोपण कसे हाताळावे हे कायद्याने शिकवावे लागते, आणि काल विमानातून उतरलेल्या मुलाला धारदार पाते मात्र जन्मतः हाताळता यावे!

आता कायद्याचे पाहू. अमेरिकेचा कामाच्या जागेच्या सुरक्षेचा मूलभूत कायदा १९७० सालचा आहे. आपल्या कॅलिफोर्नियात त्याच्याही पुढे जाऊन १९९१ पासून प्रत्येक मालकाने लेखी सुरक्षा-कार्यक्रम ठेवावा, नव्या कामगाराला, तसेच नवे काम दिल्यावर जुन्या कामगाराला, त्या कामातील धोक्यांचे प्रशिक्षण द्यावे, असा नियम आहे. प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, हे केंद्रीय ओशा खात्याने २०१० साली निःसंदिग्धपणे बजावले. सक्तीच्या प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचाच वेळ आहे आणि त्याची मजुरी द्यावी लागते. एक जरी नोकर असला तरी कॅलिफोर्नियात कामगार-भरपाईचा विमा काढावा लागतो. आणि नोकराचे व्हिसाचे कागद काय आहेत यावर त्याचे हे संरक्षण अवलंबून नाही. हे शेवटचे वाक्य ज्यांना उद्देशून आहे त्यांनी ते दोनदा वाचावे. "कागद नाहीत, बोललास तर तूच अडकशील," असे जे सांगितले जाते त्याने तोंड बंद होते. कामावर झालेल्या जखमेचा अहवाल पाच दिवसांत पाठविणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे, म्हणून तर त्या मुलाला कांद्याची गोष्ट पढविली गेली.

येथे एक अप्रिय आठवण काढावी लागते. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात जातिभेदविरोधी विधेयक आले. त्यासाठी आपली मंडळी सॅक्रामेंटोला गेली, साक्षी झाल्या, उपोषणे झाली. दोन्ही सभागृहांनी ते संमत केले आणि ७ ऑक्टोबर रोजी राज्यपालांनी नाकारले. आपण हळहळलो, निषेधाच्या सभा घेतल्या. ते योग्यच झाले, मीही एका सभेत बोललो. परंतु त्याच राज्यपालांनी त्याच्या अवघा एक आठवडा आधी, ३० सप्टेंबर रोजी, दुसऱ्या एका विधेयकावर सही केली होती. कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेपासून कामगारांचे रक्षण करणारा तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? जे मिळाले नाही त्याचा शोक आपण वर्षभर केला. जे मिळाले ते उघडून वाचलेही नाही. हा कायदा काय सांगतो? हिंसा टाळण्याची लेखी योजना मालकाने करावी, ती कामगारांना पाहावयास मिळावी, घडलेल्या प्रसंगांची नोंदवही ठेवावी, दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, त्यात कामगाराला प्रश्न विचारता यावेत आणि त्यांची उत्तरे देणारा जाणकार माणूस असावा, आणि हे सारे कामगाराच्या शिक्षणाला, वाचनाच्या कुवतीला व भाषेला साजेसे असावे. दहापेक्षा कमी माणसांच्या जागेला सूट आहे, पण ती जागा लोकांना खुली नसेल तरच. दुकान तर लोकांना खुले असतेच. तेव्हा चार माणसांचे किराणा दुकानही यात आले. 'आमचे लहानसे दुकान, आम्हाला कुठे लागू?' ही पळवाट कायद्याने बुजविलेली आहे.

या विधेयकाच्या मूळ मसुद्यात, दुकानातील चोराला अडविण्याची सक्ती साध्या नोकरावर करता येणार नाही, असेही कलम होते. व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे ते गळाले. म्हणजे त्या बाबतीत नोकराचा जीव मालकाच्या शहाणपणावर सोडलेला आहे. आणि शहाणपण किती, ते मी ऐकले आहे: "बिअरचा बॉक्स घेऊन पळाला तर पाठलाग कर, नाहीतर पगारातून कापू." पंधरा-वीस डॉलरच्या मालासाठी माणसाला पिस्तुलापुढे धावावयास लावणारा हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

आता, प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, याबद्दल मी डॉक्टर म्हणून बोलतो, कारण न दिलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम माझ्या टेबलावर येतो.

कांद्याचे पोते घ्या. येथे ते ५० पौंडांचे येते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा-संशोधन संस्थेने वजन उचलण्याचे जे गणित मांडले आहे, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना धरलेली मर्यादा ५१ पौंड आहे. अनुकूल म्हणजे ओझे शरीराला चिकटून, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, कंबर न वळविता, आणि क्वचितच उचलावयाचे. आपले पोते असते जमिनीवर. त्याला मूठ नाही. ते उचलून वळून ढकलगाडीवर टाकायचे, आणि असे एका फेरीत वीस वेळा. त्या गणिताने ही मर्यादा किती खाली येईल याचा विचार करा. मी पाहिलेल्या पाठीच्या रोग्यांत पन्नाशी ओलांडलेल्या, मुलांची शिक्षणे संपल्यावर 'घरी बसून काय करू' म्हणून भारतीय दुकानात कामाला लागलेल्या आपल्या भगिनी आहेत. त्यांना कोणी सांगितले नव्हते की पोते दोघींनी उचलायचे असते, किंवा पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवले की निम्मे दुखणे टळते. सांगायला दहा मिनिटे लागली असती.

शिडीचेही तसेच. दुकानात शिडी असते, पण ती मागे कुठेतरी अडगळीत. वरच्या फळीवरचे तूप काढायला दुधाचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर चढतात. मनगट मोडते ते येथे. क्रेटवर चढायचे नाही, शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहायचे नाही, चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार कायम ठेवायचे. एवढेच ज्ञान आहे हे, परंतु ते करून दाखवावे लागते. त्या मुलाच्या कटरचेही तसेच होते. पाते शरीरापासून दूर चालवायचे, दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवायचा नाही, बोथट पाते ताबडतोब बदलायचे. शक्य तर पाते आपोआप आत जाणारे कटरच विकत घ्यावे.

स्वच्छतागृह धुताना ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र ओतला की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसाला जाळतो. बाटल्यांवर ते छापलेले असते, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मोठ्या शीतखोलीचे दार आतून कसे उघडते हे नव्या माणसाला आत उभे करून दाखवावे. मागच्या दारापुढे खोक्यांची रास लावू नये आणि त्याला आतून कुलूप घालू नये. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यात १९११ साली कुलूपबंद दारामागे १४६ जीव गेले, आणि हॅम्लेट, नॉर्थ कॅरोलिना येथील कोंबडीप्रक्रिया कारखान्यात १९९१ साली २५. ऐंशी वर्षांच्या अंतराने कारण तेच, माल चोरीला जाईल ही भीती.

दरोड्याच्या प्रसंगी काय करावे, हे तर रात्रपाळीच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. हात दिसतील असे ठेवावे, एकाएकी हालचाल करू नये, गल्ला देऊन टाकावा, पाठलाग करू नये, तो गेल्यावर दार बंद करून ९११ ला फोन करावा. मालकाची बाजूही यातच येते. ओशाने १९९८ सालीच रात्रीच्या दुकानांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. गल्ल्यात रोकड थोडी ठेवा, काचेवरच्या जाहिराती काढा म्हणजे बाहेरून आतले दिसेल, प्रकाश भरपूर ठेवा. या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत. मोठ्या कंपन्यांचा इतिहास मला माहीत नाही असे कोणी समजू नये. २००८ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी लाँग आयलंडवर सवलतीच्या मालासाठी लोटलेल्या गर्दीखाली एका महादुकानाचा हंगामी कामगार तुडवला गेला. त्यापोटी ओशाने केलेला दंड होता ७,००० डॉलर. या कंपन्यांत प्रशिक्षण 'असते', म्हणजे संगणकापुढे बसवून चित्रफीत दाखवितात आणि 'पुढे, पुढे' करीत बटणे दाबायला लावतात. माझ्या एका भगिनीने ते सर्व तास पूर्ण केले आहेत. आग विझविण्याचे यंत्र दुकानात कोठे आहे, असे मी विचारले, तर म्हणाली, "व्हिडिओत होते." अशा प्रशिक्षणाने कंपनीचा वकील सुरक्षित होतो.

आम्ही रोग्याला औषध समजावून सांगितल्यावर विचारतो, आता तुम्ही मला सांगा, गोळी केव्हा घ्यायची? तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकला तरच समजले असे धरतो. नुसती मान डोलावणे याला आम्ही उत्तर मानीत नाही. कारण वडीलधाऱ्यांपुढे, मालकापुढे, इंग्रजीपुढे मान डोलावण्याची सवय आपल्या माणसांना फार जुनी आहे. दुकानातही हाच कस लावावा. 'समजले का?' असे न विचारता 'करून दाखव' म्हणावे, आणि मग सही घ्यावी.

मालकांची बाजू मी ऐकलेली नाही असे नाही. नफा थोडा, भाडे जबर, स्वतः चौदा तास उभे राहावे लागते, आणि त्यांना तरी कोणी शिकविले? हे मला मान्य आहे. त्यांच्या घोट्यांवरच्या फुगलेल्या शिरा मीच तपासतो. काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवा म्हणून सांगितले, तर 'गिऱ्हाईकाला बरे दिसत नाही' म्हणतात. केरळातील कापडदुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याचा हक्क झगडून घेतला आणि २०१८ साली तो कायद्यात आणला, हे त्यांना ठाऊक नसते. पण 'मला कोणी शिकविले नाही' हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्यापुढे दोन मार्ग असतात, आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने कोणता निवडावा याबद्दल मला शंका नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना त्यांनी आणलेल्या विधेयकाने १९४६ साली कारखान्यांतले काम आठवड्याला ५४ वरून ४८ तासांवर आले. ते भाषणांत आपण अभिमानाने सांगतो. टाळ्या वाजविणाऱ्यांत दुकानमालकही असतात, आणि त्यांच्या दुकानात तोच तरुण त्या वेळी साठावा तास भरीत असतो.

आपण सम्यक आजीविकेवर प्रवचने ऐकतो. तिचा अर्थ आपण एवढाच घेतला आहे की शस्त्र, विष, मद्य यांचा व्यापार नको (आणि मद्याच्या बाबतीत तेवढाही पाळलेला नाही, असो). सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना पहिलेच कर्तव्य येते ते नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम देण्याचे, आणि पुढे आजारपणात त्याची शुश्रूषा करण्याचे. कांद्याचे पोते आणि ती खोटी गोष्ट, दोन्ही या सुत्तात बसवून दाखवावीत, असे मी आपल्या प्रवचनकारांना आवाहन करतो.

त्या तरुणाच्या कंडरेवर शस्त्रक्रिया झाली. अंगठा बराचसा सुधारला आहे, पूर्ण वाकत नाही. भरपाईचा अर्ज त्याने अखेर भरला. दुकानमालक त्यानंतर माझ्याशी बोलत नाहीत, आणि मंडळाच्या दोन ज्येष्ठ सदस्यांनी मला 'घरातली गोष्ट घरात ठेवावी' असा सल्ला दिला. घरातल्या गोष्टी घरात ठेवण्याचा सल्ला ज्या समाजांनी आजवर आपल्याला दिला त्यांची यादी फार लांब आहे.

मंडळाकडे माझी मागणी थोडी आहे. येत्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात सांस्कृतिक कार्यक्रमाआधीचे दोन तास या विषयाला द्यावेत. दुकान चालविणारे आणि दुकानात काम करणारे, दोघांनाही एकाच खोलीत बसवावे, आणि सर्व काही मराठीत व हिंदीत व्हावे. ज्या दुकानाने नोकरांना असे प्रशिक्षण दिले नाही त्याची जाहिरात पुढील वर्षापासून या स्मरणिकेत घेऊ नये. त्यामुळे पडणारी तूट पहिल्या वर्षी मी भरून देईन. सभागृह, माईक आणि भोजन यांची व्यवस्था मंडळाने करावी. शिडी, कटर आणि कांद्याचे पोते मी घेऊन येतो.